घर नंबर एक्केचाळीस

शिरगणती म्हणजे माणसं मोजायची, आणि माणसं मोजायची म्हणजे पायपीट आलीच. चिंतामण मास्तरांना पायपिटीचा मनस्वी कंटाळा. पण १९४१ साली जत भागातल्या बोरवाडीत पुरुषांत लिहिता येणारे ते एकटेच, त्यामुळे गावची गणती त्यांच्याच गळ्यात पडली. चाळीस घरं त्यांनी दारोदार जाऊन इमानाने लिहिली. वय विचारलं की बायका सांगायच्या, प्लेगाच्या साली रांगत होते, आणि पुढचा हिशेब मास्तरांनी करायचा.

राहिला तीन कोसांवरचा वरचा माळ. तिथं धनगराचं एखादं घर असतं, नसतंही, असं लोक म्हणत. कोण जातं बघायला? मास्तरांनी ओसरीवर बसूनच पत्रक भरलं. घर नंबर एक्केचाळीस. धुळा, वय साठ, विधुर, मेंढपाळ. एकटा म्हातारा खरा वाटेना, म्हणून त्याच्याखाली एक नात घातली. तिचं नाव काय लिहावं म्हणून टाक जरा थांबला आणि मग आपोआप चालला. पद्मा, वय नऊ.

पद्मा ही मास्तरांची मुलगी. वाईला असताना पाचव्या वर्षी तापाने गेली, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी काढलेलं नव्हतं. बायको उमा कामापुरतं बोलायची, मास्तर तेवढंही नाही. शाई वाळेपर्यंत ते त्या नावाकडे बघत बसले. खोडावंसं वाटलं, पण हात होईना.

पुढच्याच आठवड्यात सुपरवायझर सयाजीराव तपासणीला आले. पलटणीतून निवृत्त झालेला हा गडी जवळची चाळीस घरं सोडून नेमका म्हणाला, चला, ते लांबचं घर बघू. मास्तरांची पाचावर धारण बसली. खोटी नोंद सापडली की नोकरी गेलीच. धनगर मेंढरं घेऊन विजापुराकडे उतरला असेल, घर मोडलं असेल, अशा सबबी जुळवत ते तीन कोस चालले.

माळावर चढले, तर समोर घर होतं.

बैठं, गवताने शाकारलेलं. दाराशेजारी गेरूने ४१ लिहिलेलं, तेही मास्तरांच्याच वळणाचं, एकाचं शेपूट लांब ओढलेलं. दारात घोंगडं पांघरून एक म्हातारा बसला होता. सयाजीरावांनी नाव विचारलं तेव्हा त्याने धुळा म्हणून सांगितलं आणि मास्तरांकडे बघून ओळखीचं हसला. आतून एक मुलगी पाणी घेऊन आली. तांब्यावर तिने तळहात पालथा ठेवला होता. पद्मा असंच पाणी आणायची. डाव्या भुवईवर खोक होती, वाईच्या घाटावर पडली होती तेव्हाची. मास्तरांनी भरला तांब्या तसाच खाली ठेवला.

सयाजीराव खूश होऊन, पत्रकावर खूण करून माळ उतरू लागले. मास्तरही निघाले, तेवढ्यात धुळाने त्यांची बाही धरली.

"मास्तर, तुमी आमास्नी लिवलंसा, लय उपकार झालं. पर पोरीला आय न्हाई लिवली. रोज इचारती. म्या काय सांगू तिला?"

घरी येऊन मास्तरांनी उमाला सगळं सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा पद्माचं नाव त्यांच्या तोंडातून निघालं आणि ते ढसाढसा रडले. उमा रडली नाही. खोक कुठल्या भुवईवर होती, एवढंच तिने विचारलं. मग आता ही पत्रकं पुढं कशी पक्की करणार, तेही विचारलं. मास्तरांनी भोळेपणाने सांगून टाकलं. मेलेल्या-गेलेल्या माणसाच्या नावावर तांबडी रेघ, नव्याने आलेल्याचं नाव तांबड्या शाईत.

"आणि एक माणूस दोन घरांत धरता येतो?"

"छे. कुठल्या तरी एकाच."

उमाने मान हलवली आणि ती चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर शाळेतून आले. चूल सारवलेली, भाकरी झाकून ठेवलेली, आणि उमा घरात नाही. पत्रकं ओसरीवर उघडी होती. एक्केचाळीस नंबरात पद्माच्या खाली उमाच्या गोल अक्षरात तांबडी ओळ होती: उमा, वय एकोणतीस, मुलीची आई. त्यांच्या स्वतःच्या घराच्या पत्रकावर तिच्या नावावरून तांबडी रेघ गेली होती. रेघ सरळ होती.

मास्तर अनवाणी माळावर धावले. वर घर नव्हतं. पायासुद्धा नव्हता, नुसता मुरूम आणि काटेरी झुडपं. जमिनीवर तांब्याच्या बुडाएवढं एक ओलं वर्तुळ तेवढं होतं, आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत उन्हात वाळून गेलं. उमाला हाका मारून त्यांचा घसा बसला.

पुढचे तीन दिवस त्यांनी तांबडा टाक हातातून सोडला नाही. एक्केचाळीस नंबरावर एक आडवी रेघ ओढली की ते घर नव्हतंच. उमा कदाचित परत येईल. पण मग पद्मा दुसऱ्यांदा जाईल, आणि या खेपेला बापाच्या हातून. टाक बुडवायचा, धरायचा, पुसायचा.

चौथ्या दिवशी सयाजीराव पत्रकं न्यायला आले. त्यांनी बेरीज दोनदा केली, ती चोख जुळली. बांधाबांध करताना त्यांनी सहज विचारलं, घर एवढं सामसूम कसं, बाई दिसत नाहीत?

मास्तरांनी दौतीला बूच लावलं.

"मुलीकडे गेलीय," ते म्हणाले.