शेंडा नसलेली रास

माझ्या धाकट्या बहिणीचं, गुंजनचं, लग्न कसं झालं असं कुणी विचारलं, की मी भाताबद्दल बोलायला लागते. घरचे कपाळाला हात लावतात. लावू देत.

कामठ्यात आमच्या घरच्या प्रत्येक कार्याचं जेवण गावचे आचारी केवळरामकाकाजी यांनी रांधलं होतं, माझ्या लग्नाचंसुद्धा. या वेळी मात्र माझ्या भावाला, उमेंद्रला, गोंदियाचा केटरर हवा होता. "गंज, झारा, धूर... आता कोन करते तसं, ताई?" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. शेवटी बाबांनी मधला मार्ग काढला. सालेकशाहून येणाऱ्या वरातीला केटररचा भात आणि मागाहून बसणाऱ्या गावच्या पंगतीला काकाजींचा.

काकाजींना हे लागलं. मांडवात उभं राहून ते उमेंद्रला म्हणाले, "माहा भात थंडा निघाला त झारा आजच खाली ठेवतो. मंग कोनाच्याच कार्यात हात लावनार नाई." चाळीस वर्षं तो झारा त्यांच्या हातात होता. मला उमेंद्रचा मनस्वी राग आला.

मार्गशीर्षातला ढगाळ दिवस होता आणि वारा असा, की भर दुपारी स्वेटर काढवेना. दोन्हीकडचा भात बाराला उतरला. केटरर हिमांशू गोड बोलणारा माणूस. त्यानं वीस रुंद ट्रे मांडले, त्यांत चार बोटं जाडीचा भात सपाट पसरला, वर कोथिंबिरीची फुलं काढली आणि झाकणं बाजूला ठेवली. "मॅडम, पहिले आँखों से खाते हैं लोग," तो म्हणाला.

काकाजींनी तणसावर चटई टाकली, चटईवर धुतलेलं पांढरं कापड. भाताची मोठाली पातेली, गंजामागून गंज, तिथे रिकामी केली. रास वाढत कमरेपर्यंत आली, तिला सुरेख शेंडा आला, आणि काकाजींनी झाऱ्याच्या पाठीनं तो थापटून मोडला. सगळी रास गोलमटोल करून टाकली आणि वरून दुसरं कापड ओढलं.

"शेंडा काऊन मोडला, काकाजी? मस्त दिसत होता."

"दिसाले मस्त. पन शेंडा चारी बाजूनं आभाळ पाहते. जो जास्त आभाळ पाहते तो पयले थंडा होते, मास्तरीनबाई."

मी हसले आणि मग माझ्या लक्षात आलं. अर्जुनी मोरगावच्या कॉलेजात मी बारा वर्षं हेच तर शिकवते! गरम वस्तू आपली उष्णता कुणाला न शिवता पृष्ठभागावरून बाहेर टाकते. तेवढाच माल गोल ठेवला तर पृष्ठभाग सगळ्यात कमी, पसरला तर खूप जास्त. मी त्याला प्रारण म्हणते. काकाजी राशीपासून वीतभर लांब गाल धरतात आणि त्याला आच म्हणतात.

दोन वाजले तरी वरात गावाच्या वेशीवर डीजेपुढे नाचत होती. लहान पोरं भुकेनं रडायला लागली. काकाजींनी कापड जरा उचललं, राशीच्या बुडाशी एका बाजूनं भोक पाडलं आणि आतून भात काढायला सुरुवात केली. माझ्यातली मास्तरीण उसळली.

"काकाजी, भोक नका पाडू! आतला भात उघडा पडला. पृष्ठभाग वाढला, आता लवकर थंड होईल!"

"हात घाल आत. शिवू नोको कोठी."

मी हात घातला. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी आच आली. पेटत्या चुलीत हात घातल्यासारखं वाटलं.

"आत भात भाताले पाहून राहिला," काकाजी म्हणाले. "हा देते, तो घेते. तो देते, हा घेते. बाहेर जाते ते या तोंडापुरतं." आणि त्यांनी तोंडावर कापड सोडलं.

मला लाज वाटली आणि आनंदही झाला. बारा वर्षं मी पृष्ठभाग मोजत आले होते. तो कुणाकडे तोंड करून आहे, हे वर्गात एकदाही विचारलं नव्हतं.

अक्षता पडल्या तेव्हा साडेतीन झाले होते. वरात हिमांशूच्या टेबलांकडे गेली. नवरदेवाची आत्या निर्मलाबाई, सगळ्या सालेकशाला धाक असलेली, तिनं एक घास तोंडात घातला आणि ताट खाली ठेवलं.

"कालचा भात हाय का हा?"

एकेक ताट खाली जाऊ लागलं. उमेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. तो काकाजींपुढे येऊन हात जोडून उभा राहिला. काकाजींनी टोमणा मारायला हरकत नव्हती. मी असते तर दोन मारले असते.

"पंगत बसव, बापू," ते एवढंच म्हणाले. "वरात जेवते तवरी गावासाठी दुसरा गंज चढवतो."

पण कापडाला हात लावण्याआधी त्यांनी झारा खाली ठेवला. साडेतीन तास झाले होते, वारा थांबला नव्हता.

कापड निघालं. राशीतून वाफेचा लोट उठला. पोरांनी टोपल्या भरल्या, पत्रावळींवर भात पडला, त्यावर वरण पडलं. निर्मलाबाईंनी घास उचलला, चटकन खाली टाकला, बोटं झटकली. पुन्हा उचलला आणि त्यावर फुंकर मारली.

मग शेजारचीनं मारली. मग समोरच्या ओळीनं. दोनशे माणसांची वरात मांडी घालून बसली होती आणि आमच्या भातावर फू फू करत होती. मी मोठ्यानं हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हिमांशू आपले ट्रे सोडून राशीपाशी आला आणि वाकून त्या भोकात पाहू लागला.

केवळरामकाकाजींनी झारा उचलून खांद्यावर टाकला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असे ओरडले, "हळू जेवा रे, तोंड भाजंल!"