सातवी पोळी

सागिनबायच्या दुकानात पुस्तक घ्यायला जायचं तर मन घट्ट करून जावं लागे, कारण दुकानदार असूनही तो खरं बोलायचा. गिऱ्हाइकाच्या हातातलं पुस्तक काढून घेत तो म्हणे, "ठेव ते. पहिली शंभर पानं पाणी, पुढची शंभर त्यात घातलेलं पाणी." एकदा गावातलाच एक कवी आपला संग्रह विकायला ठेवण्यासाठी घेऊन आला. सागिनबायने उभ्याउभ्या चार पानं चाळली आणि सांगितलं, "कागद चांगला आहे. कोरा असता तर विकला गेला असता." कवी पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही. पण गल्लीला केवढा अभिमान! काराकोल गावात बरे रस्ते थोडे, बरे डॉक्टर त्याहून थोडे, पण तोंडावर खरं सांगणारा माणूस आमच्या कोपऱ्यावर बसतो, असं लोक पाहुण्यारावळ्यांना सांगत.

कालिपाचा सगळा भरवसा याच एका गोष्टीवर होता.

ती दुकानासमोरच्या निळ्या खिडक्यांच्या घरात राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बुरूल राजधानीत, बिश्केकला, संसारात रमलेली. कालिपाच्या हाताला चव होती. सफरचंदाचा केक, मुरंब्याची गुंडाळी, कांदा-बटाटा भरलेले पिरोश्की, यातलं काहीही ओव्हनमधून निघालं की गल्लीतली पोरं खेळ सोडून तिच्या कुंपणाशी उभी राहत. दर शुक्रवारी दुपारी ताट फडक्याने झाकून ती रस्ता ओलांडे, दुकानातली शेगडी पेटवी, जमीन झाडी, चहा टाकी. सागिनबाय चष्मा कपाळावर सरकवून एक घास घेई, डोळे मिटे आणि म्हणे, "कालिपा, हे पुस्तक असतं तर मी विकलंच नसतं." शेगडीभोवतीचे दोन-चार जण माना डोलवत. त्या एका वाक्यावर बाईचा आठवडा निघून जाई.

पण साथीच्या हिवाळ्यात तिला ताप आला आणि जाताना तिचं नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. वास नाही, चव नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कसलं येतंय! लोणी खवट झालं तरी कळेना, केक तळाला करपला तरी कळेना. मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून ती पुन्हा घाली. हे तिने कुणालाही सांगितलं नाही, पोटच्या मुलीलासुद्धा नाही. जिला गल्ली तिच्या ओव्हनवरून ओळखते, तिने हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने मनाशी एवढंच ठरवलं की बिघडलं तर सागिनबाय सांगेल. ज्याने कवीला सोडलं नाही, तो आपल्याला कशाला सोडतोय?

आणि सागिनबाय तर दर शुक्रवारी तेच म्हणत होता, पुस्तक असतं तर विकलंच नसतं. मग कालिपा असं धरून चालली की नाक गेलं, पण हात शाबूत आहे.

यंदा सफरचंदं उतरवायच्या दिवसांत बुरूलचा फोन आला. "अपा, किती दिवस एकटी राहणार? आमची एक खोली रिकामी आहे. पण लवकर काय ते सांग, नाहीतर नणंद मागे लागलीय, तिला द्यावी लागेल."

कालिपाने ताट ठेवता ठेवता सहज बोलल्यासारखं हे सागिनबायच्या कानावर घातलं. तो एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला डिंक लावत होता. मान वर न करता म्हणाला, "तू गेलीस तर या दुकानासाठी भाजणार कोण?"

वाक्य एवढंच. पण एकट्या बाईला ते पुरलं. तोक्तोबुबु शेजारीण तिला एजे, म्हणजे ताई, म्हणे आणि आधीपासूनच चिडवत होती, "काय एजे, दर शुक्रवारी रस्ता ओलांडून पाय दुखत नाहीत? एकदाच काय ते ओलांडून टाका की!" कालिपाने त्याच संध्याकाळी मुलीला नाही म्हणून कळवलं. पुढच्या आठवड्यात नणंद त्या खोलीत राहायलाही आली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सागिनबाय कुणा मास्तरांची जुनी पुस्तकं विकत घ्यायला शेजारच्या गावी गेला होता. दुकानाची किल्ली कालिपाकडे. शेगडीपाशी गुरांचा निवृत्त डॉक्टर एसेनगुल चहा पीत बसलेला. तेवढ्यात शाळेतली एक बाई ज्ञानकोशाचा एक जुना खंड विचारत आली. ते खंड अगदी वरच्या फळीवर, छताला लागून. कालिपा शिडी लावून चढली, एक खंड ओढला आणि मागे तिला आपली मुरंब्याची गुंडाळी दिसली.

भाकरी-पाव फेकायचा नाही, पालथा ठेवायचा नाही, खाली पडलेला तुकडा उचलून उंचावर ठेवायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. सागिनबाय तर शिकलेला माणूस. त्याने सगळं उंचावर ठेवलं होतं. ज्ञानकोशाच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर्तमानपत्रात गुंडाळून, केक, गुंडाळ्या, पिरोश्की, एकेक घास काढलेले आणि दगडासारखे वाळलेले. उंदरांनी खंडांच्या पाठी डिंकासकट कुरतडल्या होत्या. तिच्या एकाही केकाला दात लावलेला नव्हता.

शाळेतली बाई खंड घेऊन गेली. कालिपा शिडीवरच होती.

"सापडलं वाटतं," खालून एसेनगुल म्हणाला. त्याला लाज वाटायला हवी होती, पण त्याला मजा वाटत होती. "मला वाटायचं, तुला ठाऊक असेल."

"काय ठाऊक असेल?"

"अगं, गल्लीला ठाऊक आहे! त्या तापानंतर तुझा हातच गेला. आता बाईच्या तोंडावर तिच्या पावाला नावं कोण ठेवील? जीभ झडायची! म्हणून सगळे छान-छान म्हणतात. तोक्तोबुबुने तुझा केक गायीपुढे ठेवला तर गाय मागे सरली. मला बोलावलं, म्हणाली, बघा हो हिला काय झालंय. म्हटलं, हिला काही झालेलं नाही, गाय शहाणी आहे." तो स्वतःच्याच विनोदाला हसला. "आणि सागिनबाय? तू गेलीस की तो तुझ्या ताटावर बोलतो, पुस्तकावर बोलतो ना, अगदी तसं. 'मुखपृष्ठ सुंदर, आत ओला पुठ्ठा.' 'लेखिकेने मिठाचा विषय दोनदा मांडला आहे.' आमच्या नाकातून चहा येतो बघ हसून हसून."

"मग मला कशाला बोलावतो?"

"शेगडी कोण पेटवील? झाडील कोण?" एसेनगुल अगदी निरागसपणे म्हणाला. "तो म्हणतो, बिचारीला कुणासाठी तरी भाजायचं असतं, भाजू दे. आपलं काय जातं?"

कालिपा खाली उतरली. तिने पेला विसळून पालथा घातला, किल्ली खिळ्याला अडकवली आणि ती घरी आली. रडली का? रडली. पण राग बिनचवीच्या केकाचा नव्हता, राग माणसाचा होता. जगातल्या साऱ्या लेखकांना खरं सांगणाऱ्याने आपल्यालाच तेवढं वगळलं आणि त्या खोट्यावर आपण मुलीच्या घरची खोली घालवली, हे तिला सहन होईना.

शुक्रवार आला. शुक्रवारी इकडे घरोघरी, वारलेल्या माणसांच्या नावाने सात पोळ्या तळतात. तेलाचा वास त्यांना पोचतो, पोळ्या शेजारी खातात. कालिपाने पीठ भिजवलं. या वेळी मीठ विसरून दोनदा पडलं नाही. तिने एक मूठ भरून घातलं, नीट पाहिलं आणि दुसरी मूठ घातली. कढईतून निळा धूर उठला. तिला वास आला नाही, पण गल्लीला आला.

पहिलं दार तोक्तोबुबुचं. "कुणाच्या नावाने, एजे?"

"पुस्तकवाल्या सागिनबायच्या."

"अगं बाई! कधी? काल तर..."

"आधी खा. गेलेल्याच्या नावाची पोळी हातात धरून बोलत बसू नये."

नाही म्हणायची सोयच नव्हती. तोक्तोबुबुने घास मोडला, तोंडात घातला आणि तिचे डोळे बटाट्याएवढे झाले. कालिपा समोर उभीच. "कशी झालीय?"

"छान झालीय, एजे," तोक्तोबुबु कशीबशी म्हणाली. "त्याला पोचो. चांगली जागा मिळो."

दुसऱ्या दारी तेच, तिसऱ्या दारी तेच. कुणी भिंतीला धरलं, कुणी खोकला आला म्हणून आत जाऊन पाणी प्यालं, पण बाहेर येऊन सगळ्यांनी सांगितलं, छान झालीय, एजे, तुझ्या हाताची गोष्टच वेगळी. सहा दारं, सहा थापा. गोड माणसं सगळी. त्यांच्या प्रत्येक गोड शब्दागणिक कालिपाचं तोंड अधिकच घट्ट मिटत गेलं.

म्हातारा बेक्तुर कानाने अधू. त्याला नाव तेवढं ऐकू आलं. रीतीप्रमाणे कमरेवर हात ठेवून तो रस्त्यातूनच हंबरडा फोडत निघाला, "अरे माझ्या भावा! अरे माझ्या डोंगरा! मला टाकून कुठे गेलास रे!" त्याच्यामागे बायका, बायकांमागे पोरं. दुकानाच्या दारात डिंकाचा ब्रश हातात घेऊन सागिनबाय उभा. बेक्तुरने त्याला पाहिलं, पण सुरू केलेलं रडणं मध्येच सोडायचं कसं ते त्याला कळेना, म्हणून तो सागिनबायच्या गळ्यात पडून सागिनबायसाठीच रडू लागला.

"काय तमाशा आहे हा?" सागिनबाय त्याला सोडवत ओरडला. मागे शेगडीपाशी एसेनगुल पेला तोंडाशी धरून थिजला होता.

कालिपा गर्दीतून पुढे आली. ताटात एकच पोळी उरली होती. "ही सातवी. तुझी."

"कुणाच्या नावाची?"

"तुझ्याच."

"मी जिवंत आहे, कालिपा!"

"ते खाल्ल्यावर ठरेल."

त्याने एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा मागे वळून दुकानातल्या वरच्या फळीकडे, आणि त्याला सगळं कळलं. तोंड उतरलं त्याचं. "परत ने ती," तो हळूच म्हणाला. "लोकांसमोर नको."

"पुढे केलेली पोळी परत कशी नेऊ? एक घास घे. आणि पुस्तकावर बोलतोस तसं बोल."

प्रत्येकाच्या जिभेवर अजून ते मीठ होतं, म्हणून प्रत्येकाला ठाऊक होतं की सागिनबाय आता काय खाणार आहे. आणि कालिपा? एवढं सगळं करूनही, मेलेल्यात जमा केलेल्या त्या माणसाकडे ती आशेने बघत होती. त्याने घास थुंकावा. म्हणावं, बये, हे काय मीठ आहे, तुझं डोकं फिरलं का? मग ती इथेच, सगळ्यांदेखत, आपलं नाक गेल्याचं सांगणार होती. वरच्या फळीवरचं सगळं विसरणार होती. जन्मभर त्याची जमीन झाडायला तयार होती. एक खरा शब्द हवा होता, शिवी असती तरी चाललं असतं.

सागिनबायने घास मोडला. चावला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कपाळावरची शीर फुगली. त्याने गर्दीकडे पाहिलं. तोक्तोबुबुकडे, पोरांकडे, दाराबाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकांकडे. मोठ्या कष्टाने घास गिळला, दुसरा तोंडात घातला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे मिटले.

"कालिपा," तो म्हणाला, "हे पुस्तक असतं तर मी विकलंच नसतं."

कुणी हसलं नाही. कालिपाने ताट उंबऱ्यावर ठेवलं, दोन्ही तळवे वर धरले, ओठांतल्या ओठांत गेलेल्या माणसासाठी म्हणायचं ते सगळं नीट म्हटलं आणि हात चेहऱ्यावरून फिरवले. "आमीन."

"आमीन," गल्ली सवयीने म्हणाली आणि सगळ्यांचे हात चेहऱ्यांवरून फिरले. सागिनबायच्या तोंडात अजून घास होता, म्हणून त्याला बोलता आलं नाही. पण हात त्याचेही वर झाले होते.