वानगीचं पाणी

आमच्या गावचं पाणी पिण्यास योग्य आहे. मी नाही म्हणत, रिपोर्ट म्हणतो. मी गावची आशा सेविका. काविळीची घरं मी पालथी घालते, जुलाबाच्या पुड्या मी वाटते आणि शिव्याही मीच खाते. गावची सगळी गटारं ज्या नाल्याला मिळतात तो विहिरीला खेटून वाहतो. आंधळ्यालासुद्धा ते वासावरून कळेल. पण सरपंच अप्पाराव म्हणतात, "दीपमालाताई, रिपोर्ट खराब येऊ द्या, मंग मी वरती भांडतो. चांगल्या रिपोर्टवर नवी विहीर कोन देईन?" त्यांचंही खोटं नाही. दर वेळी घोडं त्या तपासणीच्या बाटलीपाशीच अडायचं.

या वेळी काविळीनं प्रीतीला धरलं. मच्छिंद्रभाऊंची सून, सातवा महिना. गरोदर बाईला कावीळ झाली की दोन्ही जीव जाऊ शकतात. तिला जालन्याला पाठवलं. नवरा आणि सासू सोबत गेले. मच्छिंद्रभाऊ मागे राहिले, कारण गावाला पाणी सोडणारे तेच आणि तपासणीची बाटली भरून देणारेही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी बाटली घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी ती घेतली आणि कोपऱ्यातल्या फिल्टरच्या जारचं झाकण काढलं.

"हे काय करता, भाऊ?"

"बाटली भरून राह्यलो."

"जारमधून?"

"मंग? दर बारीला यातूनच भरतो. कुंभार पिंपळगावहून आनतो, माझ्या खर्च्यानं. पंचायतीला एक रुपाया मागत न्हाई." त्यांचा चेहरा अभिमानानं फुलला होता. "ताई, मोंढ्यात सोयाबीनची वानगी दाखवतो, तवा किडकी मूठ नेतो का आपन? निवडून, पाखडूनच नेतो ना? तालुक्याला गावाचं नाव जातंय. घान पानी कसं पाठवावं?"

मी उंबऱ्यावर बसले. हसावं की डोकं आपटावं, कळेना.

"आणि घरात कुठलं पिता?"

"विहिरीचंच. जार म्हाग पडतो. तो नमुन्याला अन् पाव्हण्याला."

"म्हणजे सरकारला फिल्टरचं पाजलंत आणि सुनेला गटाराचं. अहो, घाण सापडावी म्हणूनच तपासतात ना! एकदा खराब रिपोर्ट आला असता तर ही विहीर कधीच बंद झाली असती."

इतकं तोडून बोलायचं नव्हतं मला. पण दमलेल्या माणसाच्या तोंडात साखर राहत नाही.

भाऊंनी बाटली काखेत धरली. जारचं झाकण लावलं आणि विहिरीकडे निघाले. मी मागोमाग गेले. त्यांनी पोहरा सोडला, वर ओढला. मग सवयीनं खांद्यावरचं उपरणं काढून बाटलीच्या तोंडावर धरलं.

"गाळू नका, भाऊ."

"कचरा हाय थोडा."

"असू द्या."

त्यांनी उपरणं बाजूला केलं आणि बाटली भरली. पाणी हिरवट होतं. "हे पाजलं मी पोरीला," ते म्हणाले. माझा सगळा राग तिथंच विरून गेला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलाचा होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "तुमीच घ्या, ताई."

मी घेतला. प्रीती वाचली होती. बाळ गेलं होतं. आडपडदा न ठेवता मी ते त्यांना सांगितलं.

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावून ती माझ्या हातात दिली.

"ही आजच्या आजच पोचवा." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "अन् आता गावाला पानी सोडू का नको?"

गावात नळांपाशी हंडे लागले असणार. टँकर मागायचा तर आधी रिपोर्ट हवा, आणि रिपोर्ट काही आज येत नाही.

"सोडा," मी म्हणाले. "उकळून प्या म्हणून सांगते घरोघर."