दम घेऊ दे

मामाच्या बोटीवर मी शार्कचं रक्त काढते. ट्यूनासाठी समुद्रात मैलोन्‌मैल दोर सोडतात, त्याला हजारभर गळ असतात. त्यात शार्क अडकलेच तर सोडून द्यायचे, असा नियम आहे. सोडलेले जगतात का, हे मत्स्य खात्याला जाणून घ्यायचंय आणि त्याचा पगार मला मिळतो.

मामाच्या नाकावर राग कायम बसलेला. खलाशांवर डाफरतो, पण शार्क वर आला की त्याचा आवाज मऊ होतो. डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकून तो माशाला दहा मिनिटं फळीवर निजवतो. "रात्रभर झगडलाय बिचारा, दम घेऊ दे." मग दोन्ही हातांनी पाण्यात सोडतो. शेपूट हलली की म्हणतो, "गेला बघ पठ्ठ्या!" तीस वर्षांत आपल्या हातून एकही मेला नाही, हे तो बंदरभर सांगत फिरतो.

मला ते सोयीचंच होतं. गोणपाटाखाली मासा निपचित पडतो, सुई नीट शिरते. मासा वर आल्या आल्या मी त्याच्या पाठीवर जगला-मेला कळवणारं यंत्र टोचायचे. रक्त दोनदा घ्यायचे, तेव्हाच आणि सोडण्याआधी. दुसऱ्या वेळी त्यातलं आम्ल नेहमी वाढलेलं असायचं. या जातीच्या शार्कला पोहता पोहताच श्वास घेता येतो, पडून राहिला की तो गुदमरतो. पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? आणि बांधलीच, तर मी सुई कधी टोचणार? मिठाची गुळणी धरून मी आकडे लिहीत राहिले.

आज माशांच्या पाठीवरच्या यंत्रांचे संदेश आले. बावीसपैकी एकोणीस दोन दिवसांत मेले होते. वाचलेले तिघे मामाच्या हातून निसटून लगेच पाण्यात पडलेले.

चहा पिताना मी त्याला हे हवामान सांगावं तसं सांगितलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण काहीच आलं नाही.

"म्हणजे लगेच सोडले असते तर?"

"बरेच जगले असते."

त्यानं कप खाली ठेवला.

"पोरी, तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

तो ओरडेल म्हणून मी थांबले. तो उठून दोर ओढायला गेला.

पहिला शार्क वर येताच त्यानं गळाची दोरी कापली आणि मासा तसाच सोडून दिला. सुई हातात घेऊन मी शेजारीच उभी होते. तो खलाशांकडे वळला.

"उरलेला दोर भराभर ओढा. मॅडमना बंदरावर उतरवायचंय."