तुटक्या मुठीचा कॉक

मित्रांनो, दीड महिना मी एका पत्रावर बसून होतो. मी एक जुना, मूठ तुटलेला काशाचा कॉक, म्हणजे पाणी सोडायची-बंद करायची तोटी आहे. मनीषनगरात वसंतरावांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून मला ठेवले होते. ते पत्र माझ्याच खाली होते आणि वसंतरावांनी त्याला उत्तर दिले नव्हते. थोडा दोष माझाही असावा, असे मला सारखे वाटे.

बोटीला कॉक कशाला, असे तुम्ही विचाराल. मौद्याच्या पलीकडे एका जलाशयावर सरकारी बोट आहे. तिच्या तळाला मुद्दाम एक भोक ठेवलेले असते. त्यातून आलेले पाणी रबरी नळीतून जाऊन इंजिन गार ठेवते. त्या भोकावर मी बसलेला. इंजिन सुरू करण्याआधी मला उघडायचे, फेरी संपली की बंद करायचे. नळी फुटली तर पहिली धाव माझ्याकडे.

मला कुठे ओतले ते आठवत नाही. तेव्हा ती बोट सांभाळणाऱ्या वसंतरावांचे हात मात्र आठवतात. इंजिनाची किल्ली ते माझ्याच मुठीला टांगत, म्हणजे किल्ली घेणारा मला विसरणार नाही. बोट निघाली नाही तरी दर मंगळवारी मला एकदा फिरवत. वर्षातून एकदा बोट काठावर ओढून मला खोलत, पुसत, ग्रीस लावत. इतकी माया मी कशाने मिळवली, मला अजून कळलेले नाही.

मग एका खंडेनवमीला, पूजेत मी उठून दिसावे म्हणून, त्यांनी मला हिरवा तैलरंग दिला. वर हळदकुंकू, झेंडूची माळ. मी इतका छान दिसलो, की रंग उडेल म्हणून त्यांनी मला फिरवणेच सोडले. किल्लीही दुसऱ्या खिळ्यावर गेली. मी महिनाभर उघडाच राहिलो.

आणि भर पाण्यात नळी फुटली. सुकलेल्या रंगाने मूठ धरून ठेवली होती. वसंतरावांनी हातोडी मारली, तशी ती तुटून पडली. पाणी घोट्यापर्यंत चढले. माझ्याशेजारी दोरीने बांधलेली लाकडी खुंटी ओमप्रकाश खलाशाने माझ्या तोंडात ठोकली, तेव्हा कुठे पाणी थांबले. कचेरीने सत्कार केला तो वसंतरावांचा. शाल पांघरताना ते रंगाबद्दल काही बोलले नाहीत. मला मात्र त्यांनी भंगारात जाऊ दिले नाही, घरी आणले.

पत्र गोपिकाचे होते. आता बोट आणि माझ्या जागी बसवलेला नवा कॉक ती सांभाळते. तिने लिहिले होते, ‘काका, खंडेनवमीले मी कॉकले रंग दिला. आता हालूनच नाही राहिला. हातोडी मारू का? तुमच्या हातून असं कधी झालं नसतं.’

त्या शेवटच्या वाक्याशी वसंतराव अडत. फोनवर बोलायला ते कचरत, म्हणून लिहायला बसत. पुस्तके उघडत, चार ओळी लिहीत आणि कागद फाडत. डिसेंबरात शाळांच्या सहली सुरू व्हायच्या होत्या. आठवडा उरला, तेव्हा त्यांच्या पत्नी ताराबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “तिकडे लेकरं बोटीत बसतील, अन् तुम्ही इथं शुद्धलेखन तपासून राहिले.”

वसंतराव माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “तारा, हा कॉक मीच तोडला. रंगही मीच दिला होता.”

ताराबाईंनी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. “मग तेच लिहा ना.”

त्या दिवशी कागद फाटला नाही. त्यांनी गोपिकाला लिहिले: आधी बोट काठावर ओढ. हातोडी मुळीच नको. सांध्यातला रंग खरवड, तेल सोड, रात्रभर मुरू दे, मग मूठ थोडी इकडे, थोडी तिकडे हलव. तोवर कोणालाही बोटीत बसवू नकोस. आणि खाली, ‘माझ्या हातून हेच झालं होतं. बोट ओमप्रकाशने वाचवली. खूण सोबत पाठवतो.’

ती खूण म्हणजे मी. मित्रांनो, जी वस्तू तुमचा जीव राखते तिची पूजा जरूर करा, पण पूजेनंतर तिला रोजचा हात लावा. आम्हाला दिसण्यापेक्षा फिरणे आवडते.

पोस्टात खिडकीमागच्या बाईंनी खोके उचलून विचारले, “लई जड आहे, आजोबा. काय आहे यात?”

“पत्राचं उत्तर,” वसंतराव म्हणाले. “उशीर झाला जरा.”

मग माझ्या डोक्यावर धपकन शिक्का पडला आणि इतक्या वर्षांनी मी पुन्हा माझ्या बोटीकडे निघालो.