परत दिसलं की नाव

क्षिप्रा कॅनडातल्या सरोवरांवर लून पक्ष्यांच्या मागे फिरायची. बदकापेक्षा थोराड, काळ्या अंगावर पांढरे ठिपके, डोळे लालभडक. मराठीत त्याला नावच नाही, आणि असणार तरी कुठून, आपल्याकडे तो येतो कशाला! क्षिप्राचं काम काय, तर पिल्लांच्या पायांत रंगीत कड्या घालायच्या आणि मग वर्षानुवर्षं दुर्बीण लावून बसायचं. थंडीआधी पिल्लू समुद्राकडे जातं, ते दोन-तीन वर्षं तिकडेच. आलं परत तर आलं. पहिल्या उन्हाळ्यात बाईंनी हौसेनं सगळ्या पिल्लांना नावं दिली आणि त्यांतलं एकही पुन्हा दिसलं नाही. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. परत दिसलं की नाव, तोवर नुसता नंबर.

तिकडे ठीक होतं हो. पण हा नियम ती सिंगापूरला घेऊन आली.

तिचा धाकटा भाऊ निशिकांत तांजोंग पगारला बँकेत होता. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर त्याच्या बायकोला, अवनीला, दिवस राहिले आणि सहाव्या महिन्यातच मुलगा झाला. तळहातावर मावेल एवढा. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जंजाळात. क्षिप्रा मिळेल त्या विमानानं आली.

बाराव्या दिवशी अवनी म्हणाली, "ताई, आज नाव ठेवा ना. आत्याचाच मान. मी ठरवून ठेवलंय, तुम्हाला हळूच सांगते."

"इतक्यात नको गं," क्षिप्रानं तिला मध्येच थांबवलं. "मला सांगूही नकोस. घरी येऊ दे त्याला, मग पाळण्यात घालून थाटात ठेवू."

अवनी पेटीवरच्या चिठ्ठीकडे बघत राहिली. तिथे 'बेबी ऑफ अवनी' एवढंच लिहिलं होतं.

संध्याकाळी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांच्या गर्दीत, निशिकांतनं विषय काढला. "ताई, डॉक्टर काही बरं बोलत नाहीयेत. तिची एवढी एकच इच्छा आहे."

"अरे, तुला माहीत नाही. मी नाव दिलेलं एकसुद्धा पिल्लू..."

"पक्षी होते ते!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या टेबलावरचे आजोबा नूडल्स खायचे थांबले. "हा माझा मुलगा आहे!"

तिला ते कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. डॉक्टरेट मिळवलेली बाई, मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थांबलं तर फिदीफिदी हसणारी! पण नाव उच्चारलं की बाळ जाईल, या भीतीनं तिच्या मनात घर केलं होतं. जीव जडला होता त्याच्यावर, म्हणूनच ती हट्टाला पेटली. "दोन दिवस थांब," ती म्हणाली. "वजन जरा वाढू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच हॉस्पिटलातून फोन आला. अवनी तिथेच होती; बहीणभाऊ पोचले तोवर नळ्या काढल्या होत्या. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाळ पहिल्यांदाच आईच्या मांडीवर होतं आणि श्वास थांबत थांबत चालला होता. एरवी एका वेळी दोघांनाच आत सोडणारी नर्स सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "गो इन, आंटी. कॅन, कॅन."

क्षिप्रा धावत गेली, गुडघे टेकून बसली, बाळाच्या कानाशी ओठ नेले. "कुर्र्र," ती म्हणाली. आणि पुढे म्हणायला तिच्याजवळ काहीच नव्हतं.

"अवनी, नाव सांग गं. लवकर सांग!"

अवनीनं मान वर केली. ती रडत नव्हती. "इतक्यात नको म्हणाला होतात ना तुम्ही."

"चुकलं माझं. पाया पडते तुझ्या, सांग."

अवनीनं बाळाला दुसऱ्या अंगाला वळवलं, छातीशी घेतलं आणि स्वतःच त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. निशिकांत त्या बाजूला उभा होता, त्याला ऐकू गेलं. तो भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडू लागला. हातभर अंतरावर बसलेल्या आत्याला मात्र काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं नर्सनं घड्याळ पाहिलं.

परत जायच्या दिवशी विमानतळावर तिनं धीर करून भावाला विचारलं, "निशी, नाव काय होतं रे?"

"तुला सांगायचं नाही म्हटलंय तिनं," निशिकांत म्हणाला आणि तिची बॅग उचलून ट्रॉलीवर ठेवली.