लकडगंजच्या टालीतला कंप्युटर

माहा कोणावर चटकन विश्वास बसत नाही, अन् कंप्युटरवर तं बिलकुलच नाही. लकडगंजच्या टालीत बावीस वर्षं मी सागाचे लठ्ठे मोजले. लठ्ठ्याले टेप गुंडाळाचा अन् आवाज द्याचा, "घेर बावन, लांबी दहा!" मंग पुस्तकात पाहून घनफूट निघत. शहाऐंशीत आमच्या मारोतराव मालकानं तो डबा आणला अन् त्याच्यासमोर नंदनवनच्या चारुशीलाले बसवलं. मी ओरडाचं, तिनं कागदावर लिवाचं अन् बटणं दाबाची. झाले घनफूट तयार! माणसाच्या डोक्याची गरजच काय?

दोन वर्षांनी, दिवाळीनंतर, बोंब सुरू झाली. गिऱ्हाइकं म्हणत, लाकूड कमी भरते. कुहीचा भैयाजी सुतार तं एक लठ्ठा मेटॅडोरमध्ये घालून वापसच घेऊन आला. "मारोतराव, बिलात पावणेबारा फूट लिवले, माह्या घरी सव्वाअकराच भरते. धंदा करता का गळे कापता?"

मालकाचं तोंड उतरलं. बापाच्या वेळेपासून या टालीवर असा शब्द कोणी बोललं नव्हतं.

सीताबर्डीवरून कंप्युटरवाला रविंद्र आला. डब्यावर दोन टपल्या मारून म्हणे, "जुना झाला. यातच नवा बोर्ड टाका, नाहीतं सगळाच नवा जोडून देतो. माह्यं ऐकान तं नवाच घ्या." तो तं म्हणनच! हलवाई काय म्हणन, पेढा खाऊ नका? मालक दोन दिवस जुना का नवा, जुना का नवा, असं करत बसला. शेवटी रविंद्रनं एक नवा डबा आणून बाजूले ठेवला. जुन्यावर चारुशीलानं, नव्यावर त्यानं, एकच यादी टाकली. दशांशापर्यंत उत्तर सारखं.

मंग मी मालकाच्या कानाशी लागलो.

"डब्यात खोट नाही, मालक. मी ओरडतो एक अन् पोरगी लिवते दुसरं."

"काहून लिवन गा?"

"बापाची गिरणी बंद पडली, घर तिच्याच पगारावर चालून राहिलं. बाजूच्या टालवाल्यानं फूस लावली असन. आपलं नाव खराब झालं का गिऱ्हाईक त्याच्याकडं."

मालक उसासा टाकून म्हणाला, "ठीक आहे. चार वाजता तिले सांगतो, उद्यापासून येऊ नको म्हणून."

मले बरं वाटलं. खोटं कशाले बोलू, लई बरं वाटलं. पण पक्का पुरावा पाह्यजे म्हणून मी भैयाजीच्या लठ्ठ्यापाशी गेलो. टेप गुंडाळला. बावन. आता पकडतो तुले, म्हटलं, अन् त्या दिवशीचा तिच्या हातचा कागद काढला. त्यावरही बावनच.

मी जे ओरडलो तेच तिनं लिवलं होतं.

भैयाजी निकाल ऐकाले पुन्हा आला होता, खर्रा चघळत बसला होता. त्यानं सुतळी घेतली, लठ्ठ्याले गुंडाळली अन् आमच्या तीन फुटी लोखंडी गजावर मोजली. एकावन. मी माहा टेप गजावर पसरवला. गज छत्तीस इंचावर संपला, टेपवर सदतीस!

तिसाच्या पुढं शिवण होती. दिवाळीआधी टेप फाटला होता. माही बायको रुखमाबाई म्हणाली होती, "फेका न ही चिंधी, मालकाले नवा मागा." मी म्हटलं, बावीस वर्षांचा टेप, नवा कायले? शिव मुकाट्यानं. तिनं बिचारीनं सूत निघू नये म्हणून इंचभर आत दुमडून झकास शिवला. एकतीसचा आकडाच गायब. मी तं फक्त शेवटचा आकडा पाह्यत होतो.

भैयाजी थुंकाले पलीकडं गेला होता. कोणी पाह्यलं नव्हतं. शिवण उसवली असती तं कोणाले काही समजलं नसतं. चारले पाच कमी होते. तेवढ्यात दारातून चारुशीला म्हणाली, "काका, चहा ठेवून राहिली. तुम्हाले देऊ का?"

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मालकाच्या खोलीत जाऊन टेप टेबलावर ठेवला. "पोरीले काही नका म्हणू, मालक. नवा डबाबी नका घेऊ. चोर माह्याच खिशात होता." मालक त्या शिवणीवरून बोट फिरवत राह्यला. "बावीस वर्षं, धोंडबा," एवढंच बोलला. मंग बाहेर जाऊन त्यानं भैयाजीपुढं हात जोडले.

जुना डबा राह्यला. पोलादी टेप आला. मीबी राह्यलो. फक्त मालकाचा नवा हुकूम निघाला, की एकट्याच्या आकड्यावर बिल बनणार नाही.

पहिल्या दिवशी मी आवाज दिला, "घेर चाळीस!" चारुशीला खुर्चीवरून उठून लठ्ठ्यापाशी आली. मी तिच्याबद्दल काय बोललो ते तिले कळलं होतं.

"काहून वं, माह्यावर विश्वास नाही?" मी विचारलं.

"आहे न काका," ती म्हणाली, अन् वाकून टेपवरचा आकडा पाह्यला.